सल्लागारपदाची शाल

मी एक शाल. पांघरायची नव्हे, सत्काराची. जे सांगणार आहे ते सगळं मला नीट कळलंच आहे, असा माझा दावा नाही. कपाटातून आणि खांद्यावरून जेवढं दिसलं, तेवढंच सांगते.

कुठल्या मागावर जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते उल्हासनगरच्या बाजारातलं दुकान. एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर अंबरनाथच्या निवृत्त मित्र मंडळाचे चिटणीस जयदेवराव तिथे आले. दोन बोटांत धरून त्यांनी मला उजेडासमोर नेलं.

"शेठ, हिच्यातून पलीकडचं दिसतंय की!"

"साईं, ये ओढने की नहीं, देने की है. फोटो में एकदम भारी दिखेगी."

जयदेवरावांनी मला धरून तशा सहा घेतल्या. मला मात्र त्या बोलण्याचा अभिमान वाटला. थंडी काय, गोधडीही घालवते. मी मान देणार होते.

मंडळात पंचाहत्तरी गाठलेल्या सभासदाला शाल, नारळ आणि 'ज्येष्ठ सल्लागार' हे पद मिळत असे. पहिली बहीण हिरामणभाऊंकडे गेली. मागोमाग बाकीच्या गेल्या. मी तळाशी होते, म्हणून शेवटी उरले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, एका शनिवारी संध्याकाळी, शिवमंदिराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये माझी घडी मोडली आणि मी डॉक्टर हरिचंद्रांच्या खांद्यावर पडले.

हे औषधांचे डॉक्टर नव्हेत, रसायनशास्त्राचे. तीस वर्षं इथल्या एका कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळलेले. मंडळाच्या सहली त्यांच्याच. आठ दिवस आधी ते एकटे एसटीने जागा बघून येत. पायऱ्या किती, सावली कुठे, पाणी पिण्याजोगं आहे का, बायकांना आडोसा आहे का, सगळं एका कागदावर उतरवत. सहलीची यादीही त्यांच्याच सुरेख अक्षरात फळ्यावर लागे. नावं जयदेवराव सांगत, डॉक्टर लिहीत. एखादं नाव आलं नाही, तर तब्येत बरी नसेल, असं ते मनाशीच म्हणत. या खेपेला मात्र "तुम्ही सत्कारमूर्ती, यादीचं मी बघतो," म्हणून जयदेवरावांनी खडू स्वतःच घेतला होता.

उत्तराच्या भाषणात डॉक्टर दुसऱ्या दिवशीच्या बारवी धरणाच्या सहलीबद्दलच बोलले. "तिथल्या पाड्यावर गोजरबाई म्हणून आहेत. त्या आपल्याला भाकरी आणि वालाचं बिरडं करून घालणार आहेत. म्हणाल्या, 'बाबा, तुमी सोता येनार ना? तुमच्या भरवशावर चूल पेटवते.' मी म्हटलं, सगळ्यांना घेऊनच येतो!"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. जयदेवराव खाली सतरंजीकडे बघत होते. मला वाटलं, ते भारावले असतील. मला तरी काय कळत होतं?

सकाळी डॉक्टरांनी स्वेटरवर मला घेतलं आणि साडेसहाला शाळेपाशी पोचले. मिनी बस उभी होती. दारातच जयदेवराव.

"डॉक्टर, तुम्ही? अहो, एवढ्या थंडीत कशाला उठलात?"

"म्हणजे? सहल आहे ना."

"तुम्ही आता सल्लागार! सल्लागारांना आपण त्रास देत नाही. बावीस सीट, बावीस नावं."

"हा नियम कधी झाला?"

"झाला असं नाही... पाळतोय आपण. मागे सहलीत एका सल्लागारांचा पाय घसरला, तेव्हा त्यांच्या मुलानं मला काय काय ऐकवलं! मीही म्हातारा माणूस आहे हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी खिडक्यांकडे पाहिलं. काल टाळ्या वाजवणारे हात मफलर नीट करण्यात गुंतले होते. आतून कुणीतरी म्हणालं, "अहो, तो आडोशाचा कागद घेतलात का त्यांच्याकडून?" थोडं हसू झालं.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढून दिला. "गोजरबाईंना सांगा, मी..." एवढंच म्हणाले. बस सुरू झाली.

ते घरी गेले नाहीत. मागच्या गल्लीत हिरामणभाऊंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या, या! आज इकडं कसं काय?" हिरामणभाऊ जुने फिटर, आवाज अजून मशीनशेजारी बोलल्यासारखा. "वा, तुम्हालाही शाल! आमची ती बघा, टीव्हीवर घातलीय. धूळ बसत नाही."

"हिरामणभाऊ, सत्कारानंतर तुम्ही एकाही सहलीला आला नाहीत. का?"

हिरामणभाऊंचं हसू गेलं. "हे तुम्ही विचारता?"

"मी विचारतो."

"यादी तुमच्या अक्षरात होती, डॉक्टर. दोनदा फळ्यापाशी जाऊन वाचली मी. घरात म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, काहीतरी विचार करूनच त्यानं माझं नाव काढलं असेल."

मी ज्या खांद्यावर होते तो खांदा हलला.

"मी काढलं नाही. मी फक्त... लिहिलं."

"ते मला कसं कळायचं?" हिरामणभाऊ हळूच म्हणाले. मग चहा टाकायला आत गेले. डॉक्टर चहा न घेताच निघाले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी डॉक्टरांच्या कपाटात आहे. ते मला वापरत नाहीत, कुणाला देतही नाहीत. कधी काढतात, मांडीवर उलगडतात, पुन्हा घडी घालतात. दोष त्यांचा की जयदेवरावांचा, की माझाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला सांगितलं होतं, तू मान आहेस. मी निरोप होते.

एवढंच मागते. कुणा म्हाताऱ्याच्या खांद्यावर माझ्यासारखी शाल घालणार असाल, तर आधी त्याला तोंडावर सांगा, उद्यापासून तुम्हाला वगळलं आहे. तो चिडेल, भांडेल. भांडू द्या. मग मी नसले तरी चालेल.