हिरवा बोर्ड

तिने हात धुवायला नळ फिरवला, तर तो नुसताच खाकरला. बेसिनमध्ये एक थेंब पडला आणि पुढे काहीच आलं नाही.

"बादलीतलं घे," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "तांब्या तिथेच आहे."

सगळ्या शहराचा पाणीपुरवठा जिच्या हाताखाली, तिने वडिलांच्या घरी बादलीत तांब्या बुडवून हात धुतले. खरं तर ती कचेरी सुटल्यावर खुशखबर सांगायला आली होती. तिच्या कचेरीत भिंतीवर एक मोठा बोर्ड होता. ज्या विभागातली तक्रार बारा तासांच्या मुदतीत सुटणार नाही, तो विभाग बोर्डावर आपोआप लाल व्हायचा. कल्पना तिचीच. सुरुवातीला बोर्ड लालभडक असायचा आणि जुनी मंडळी तोंडावर हसायची. आता तो हिरवागार होता. उद्या सकाळी आयुक्त तो बघायला येणार होते. हीच पद्धत बाकीच्या खात्यांतही आणायची की नाही, हे तिथेच ठरणार होतं. ते हो म्हणतील, याची तिला खात्री होती. त्यासाठी तिने रात्रीचा दिवस केला होता.

"बाबा, तक्रार नाही केलीत?"

"केली की."

"मग?"

"मागे घेतली. परत केली, परत मागे घेतली." बाबा चष्मा पुसू लागले. "तुमच्याकडून एका मुलाचा फोन येतो. फार गोड बोलतो. म्हणतो, काका, एवढी मागे घ्या, उद्या नवी नोंदवा, नाहीतर आमच्या मॅडमचा बोर्ड लाल होईल."

ती खुर्ची ओढून बसली. मागे घेतलेली तक्रार बोर्ड सुटलेली धरत असे. तो नियम तिनेच केला होता, आणि त्यातून कोणी अशी पळवाट काढील हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुम्ही माझे बाबा आहात, हे तरी सांगायचंत त्याला!"

"म्हणजे एकट्या आपल्याकडे पाणी आलं असतं. गल्लीत काय तोंड दाखवलं असतं मी?"

तेवढ्यात शेजारच्या काकू रिकामी बादली घेऊन दारात आल्या. तिला बघून त्यांनी ती घाईघाईने पाठीमागे धरली.

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"अगं, सगळ्या गल्लीनेच. तुझे बाबा घरोघर जाऊन म्हणाले, पोरीच्या नावाचा प्रश्न आहे. कोपऱ्यावरच्या टाकीवरून आणतो आम्ही. तुझ्यासाठी एवढंही करायचं नाही का?"

तिला हसावं की रडावं कळेना. त्या गोड बोलणाऱ्या मुलाचा राग आला, बाबांचा आला, आणि स्वतःचा सगळ्यांत जास्त. पण राग गिळून ती उठली. पद्धत चांगली होती, यावर तिचा अजूनही विश्वास होता. त्या पद्धतीत एक भोक राहिलं होतं, आणि भोक बुजवणं हे तर तिचं रोजचं काम.

"बाबा, फोन लावा. तक्रार नोंदवा."

"आत्ता? उद्या आयुक्त येणार ना? तो मुलगा सांगत होता."

"म्हणूनच. लाल बोर्ड दाखवीन त्यांना, आणि तो हिरवा कसा राहिला तेही सांगेन. हे कळल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या खात्यात तो लागता कामा नये."

"वेडी की खुळी तू!" काकू म्हणाल्या. "तुझ्यावर तक्रार करायची? आम्ही काय परके आहोत?"

"परके असता तर केव्हाच केली असतीत, काकू."

बाबांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, तुम्ही पुन्हा?" तोच गोड आवाज आला. "बोललो होतो ना आपण? उद्या मोठे साहेब येतायत. मॅडमचं काय होईल, सांगा बरं."

"काही होत नाही तिला. मुलगी आहे ती माझी, इथेच समोर उभी आहे. तक्रार लिहून घ्या, आणि या वेळी मी ती मागे घेणार नाही. फोन ठेवू नका, गल्लीतली बाकीची मंडळीही येतायत."

काकू बादली तिथेच टाकून इतरांना बोलवायला धावल्या. पलीकडे की-बोर्डची टकटक सुरू झाली.

"काका," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "पाणी कधीपासून येत नाहीये?"

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे वळले.

"हे त्याने आज पहिल्यांदा विचारलं."