सितारामची ढोबळी मिरची

सोनपेठच्या त्या कचेरीत दुपारी डबे उघडले, की भाज्या या डब्यातून त्या डब्यात फिरायच्या. सितारामच्या डब्यापाशी मात्र येऊन थांबायच्या. सिताराम नवा कारकून, बौद्ध. तोंडावर कुणी काही बोलत नसे. माणसं शिकलेली होती. त्यानं डबा पुढं केला, की शेजारच्या टेबलावरच्या बन्सीधरला चतुर्थी आठवायची आणि हेडक्लार्क दत्तरावांचं पित्त उसळायचं. त्या वर्षी सोनपेठात आल्या तेवढ्या चतुर्थ्या पंचांगातही नव्हत्या.

सिताराम एकटाच राहायचा, एकटाच रांधायचा. पण रांधायचा दोघांपुरतं. कुणी मागितलंच तर कमी पडायला नको.

एकदा त्याच्या मेहुण्यानं परभणीहून, कृषी विद्यापीठाच्या मळ्यातल्या, पिशवीभर ढोबळ्या मिरच्या आणल्या. सोनपेठात ही चीज कुणी पाहिलेली नव्हती. सितारामनं बिया काढल्या, आत बेसन आणि दाण्याचा कूट भरला, मंद आचेवर वाफवल्या. आज तरी एखादा हात पुढं येईल!

"हे काय हाय?" दत्तरावांनी विचारलं.

"मिरची, साहेब. गोडी असती."

दत्तराव खुर्चीसकट मागं सरले. "बोटाएवढी मिरची माणसाला रडवती. ही तर मुठीएवढी हाय!"

हिशेब चोख होता. त्या दिवशी पित्ताला सुट्टी मिळाली.

सितारामनं अख्खी मिरची खाल्ली. वर पाणीसुद्धा प्याला नाही! बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा तीच मिरची, आणि जेवणाच्या वेळी खिडक्यांत गर्दी. एक पैलवान लांबूनच नमस्कार करून गेला. "लहानपणी साप चावला व्हता का?" एकानं अदबीनं विचारलं. साप चावलेल्याला मिरची तिखट लागत नाही म्हणतात.

बघायला अख्खा बाजार, पंक्तीला एकही नाही. सितारामनं हातातला घास खाली ठेवला. डोळे भरून आले.

"चढली, चढली!" गर्दी खूश झाली.

दत्तरावांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, हे पाहिलं.

"अहो, तुमी चाखली का?"

"मला पित्त हाय."

"घरी ठेचा वरपता तवा कुठं जातं ते? तुमाला भेव मिरचीचं न्हाई, त्याच्या हातचं खायाचं भेव हाय! त्या गरीब मिरचीला कशाला बदनाम करायलाव?"

आणि त्या सितारामसमोर बसल्या, एक मिरची उचलली, खाल्ली. कुणीतरी गूळ आणायला पळालं.

"मीठ कमी पडलंय, दादा," नर्मदाबाई म्हणाल्या.

सितारामचा चेहरा उजळला. सोनपेठात आल्यापासून त्याच्या स्वयंपाकाला पहिल्यांदाच कुणीतरी नाव ठेवलं होतं!

दत्तराव खाली मान घालून उठले, खुर्ची ओढत सितारामजवळ आले. "लय चुकलं माझं, सिताराम," म्हणत त्यांनी हात पुढं केला. डब्यात एकच मिरची उरली होती. सितारामनं ती मोडून अर्धी त्यांना दिली.

बंधुभगिनींनो, बहाणा कितीही सभ्य असो, ज्याच्यासाठी केलेला असतो त्याला तो कळतोच. आपल्या कचेरीतही असा एखादा डबा असेल. उद्या त्यात हात घाला. भाजी अळणी असली तर खुशाल सांगा. तेवढं सांगणारंही कुणी नसलं, की माणूस झुरतो.