नुसतं धरायचं स्टिअरिंग

सकाळपासून तिसऱ्यांदा मावशी उडत्या गाडीच्या मागच्या सीटखाली डोकं घालून ओकारी पुसत होती आणि पुसून झालं की वर गुलाबाचा फवारा मारत होती. नुसती ओकारी एक वेळ सोसवते हो, शेवटी माणसाच्याच पोटातली ती. पण तिच्यावर गुलाब मारला की जे काही तयार होतं ना, ते नाकात शिरलं की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. मावशीला गुलाब या फुलाचीच शिसारी आली होती. कुणी हौसेने गुच्छ दिला, तरी ती हात लांब करून धरायची.

कागदोपत्री ती उड्डाण महाविद्यालयाची वरिष्ठ प्रशिक्षिका. निळा कोट, खांद्यावर सोनेरी पट्टी. आज प्रवेशाचा दिवस होता, आणि प्रवेशाच्या दिवशी पालकांना गाडीत बसवून शहरावरून एक चक्कर मारून आणायची पद्धत होती. जाताना सगळे राजासारखे बसायचे. येताना निम्मे पिशवी शोधायचे, आणि उरलेल्यांना पिशवी शोधायलाही उसंत मिळायची नाही. गाड्या जिथून उडायच्या त्या गच्चीवर यायला झाडूवाला तयार नव्हता. ‘ते माझं काम नाही,’ असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं होतं, म्हणून पुसायचं कामही सोनेरी पट्टीवालीच्याच गळ्यात पडलं.

आता खरी गोम ऐका. गाड्यांना माणूस चालक लागेनासा होऊन कैक वर्षं झाली होती. पत्ता बोलायचा, पट्टा लावायचा, गाडी आपली आपण जायची. घरोघरच्या गाड्यांतून स्टिअरिंग कधीच हद्दपार झालं होतं. राहिलं होतं ते फक्त महाविद्यालयाच्या गाड्यांत. कारण स्टिअरिंगच नसेल तर चालकाची पदवी कशाची द्यायची? आणि ते स्टिअरिंग कशालाही जोडलेलं नव्हतं. उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, गरागरा फिरवा, गाडीला त्याचा पत्ताही नसायचा. पालकांची मात्र समजूत, की इथल्या गाड्या अजून माणूसच चालवतो. प्रशिक्षकाने एवढंच करायचं, की रस्ता तोंडपाठ ठेवायचा आणि गाडी वळायच्या किंचित आधी आपण वळवायचं. प्राचार्य त्याला ‘ताल’ म्हणायचे. नव्या प्रशिक्षकाकडून महिनाभर ताल घोटून घ्यायचे. ताल चुकला की पालकाच्या लक्षात येतं, बाकी कशानेच येत नाही.

मावशीचा ताल पक्का होता. इतकी वर्षं तिने तेवढंच तर केलं होतं. मुलं तीन वर्षं शिकायची, टोपी उडवून फोटो काढायची आणि मग नोकरी शोधत फिरायची. दोन वर्षांपूर्वी पहिली आलेली मुलगी आता गाड्यांच्या सीटा धुवायच्या दुकानात होती. तिथे भेटली तेव्हा म्हणाली, ‘‘मॅडम, काहीतरी गाडीशी संबंधित मिळालं एकदाचं.’’ त्या दिवशी मावशी घरी येऊन नुसती भिंतीकडे बघत बसली होती.

सीट पुसून ती उठते तो समोर भावजी. मागे ताई, आणि ताईच्या मागे बारकी. बारकी म्हणजे ताईची लेक. नाव बारकी, पण उंचीने बापाच्या डोक्यावरून बघायची.

‘‘काय मेहुणीबाई! आज तुमच्या राज्यात आलो,’’ भावजी हात पसरून म्हणाले. ‘‘म्हटलं, चक्कर तुमच्याच गाडीतून मारायची. घरचं माणूस असताना दुसरीकडे कशाला?’’

भावजींचं रंगाचं दुकान होतं, पण त्यांचा खरा धंदा म्हणजे स्कोप ओळखणे. कशाला स्कोप आहे, कशाचा स्कोप संपला, हे ते गिऱ्हाइकाला रंग दाखवता दाखवता सांगायचे. घरात त्यांना मागून स्कोपवाले म्हणत, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यात त्यांना भूषणच वाटायचं.

‘‘भावजी, पण बारकीची तर आज दुपारी मुलाखत आहे ना तिकडे?’’ मावशी म्हणाली. ‘‘सांडपाण्याच्या संस्थेत. आजचाच दिवस आहे म्हणाली होती.’’

‘‘सांडपाणी!’’ भावजींनी नाक असं मुरडलं, की जणू कुणी त्यांच्यासमोर बादलीच आणून ठेवली असावी. ‘‘शब्द गोड आहे. गटार म्हणा, गटार. चारचौघांत लोक विचारतील मुलगी काय करते, तर काय सांगू? गावाची घाण कुठून कुठे जाते ते बघते?’’

‘‘तेच बघते,’’ बारकी म्हणाली. ‘‘आणि शिकून झालं की तिथे सगळ्यांना काम मिळतं, बाबा. पाऊस चार थेंब पडला तर आपल्याच जिन्यात पाणी येतं. माणसं हवीच आहेत त्यांना.’’

‘‘तू गप.’’

बारकी लहानपणापासून तशीच होती. गल्लीतलं गटार तुंबलं की सगळे खिडक्या लावून घ्यायचे, आणि ही कामगारांशेजारी उकिडवी बसून विचारायची, हे पाणी पुढे कुठे जातं? ताईने कितीदा तरी हिला कानाला धरून आत नेलं असेल. ती आंघोळ करून परत बाहेर.

‘‘ताई, तुला काय वाटतं?’’ मावशीने विचारलं.

‘‘मला काय वाटायचंय,’’ ताई म्हणाली. ‘‘ह्यांनी ठरवलंय.’’

भावजी पुढच्या सीटवर मावशीच्या शेजारी बसले, मायलेकी मागे. बसताना भावजींनी हवा नाकाने ओढली आणि म्हणाले, ‘‘वा! काय प्रसन्न सुगंध आहे. नाही तर तुझं गटार, बारके.’’ मावशीने दात आवळून घेतले आणि पट्टा लावला.

गाडी गच्चीवरून उठली. मावशीने स्टिअरिंग धरलं. पाण्याची टाकी आली, डावीकडे. घड्याळाचा मनोरा आला, उजवीकडे. ताल अगदी बिनचूक जमत होता. खाली गच्च्या दिसत होत्या आणि प्रत्येक गच्चीवर वरून टाकलेला कचरा. डबे, पिशव्या, कुणाचं तरी उष्टं. खिडक्यांतून टाकून द्यायचं आणि पुढे निघून जायचं, खालच्याने उचलावं. या उंचीवरून माणसाच्या सगळ्या सवयी एकदम दिसतात, आणि एकही बघवत नाही.

‘‘काय हात आहे!’’ भावजी डोळे मोठे करून मावशीच्या मनगटाकडे बघत होते. ‘‘बघ बारके, बघ. ह्याला म्हणतात विद्या. उद्या तू अशी बसशील, आणि मी दुकानात सांगेन, वर बघा, ती चालली माझी मुलगी.’’

मावशीने आरशात बघितलं. पोरगी खिडकीला कपाळ टेकून खाली नदीकडे बघत होती. नदीत जिथे शहराचं काळं पाणी सुटतं, तिथे पाण्यावर फेस दिसत होता. तेवढंच ती वळून वळून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. भावजींचा राग आला, प्राचार्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या दोन हातांचा. इतकी वर्षं परक्यांच्या पोरांना हेच हात दाखवून गंडवलं. आता घरच्या पोरीलाही? छी! थू असल्या जगण्यावर!

तिने स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हात उचलून डोक्यावर ठेवले.

‘‘अगं बाई!’’ ताई किंचाळली.

गाडी सरळ गेली. पुलावर आल्यावर आपली आपण वळली आणि नदीच्या कडेने शांतपणे चालू लागली.

‘‘बघा, भावजी,’’ मावशी म्हणाली. तिने एका बोटाने स्टिअरिंग गरगर फिरवलं. खेळण्यातल्यासारखं ते फिरत राहिलं. ‘‘हे कशाला जोडलेलंच नाही. गाडी मी चालवत नाही. कुणीच चालवत नाही. इथे तीन वर्षं हे धरायला शिकवतात आणि बाहेर एकाही गाडीत हे नाही. आमच्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत. धडधडीत फसवणूक आहे ही. पोरीला इथे घालू नका, मी हात जोडते.’’

मागे ताईला उमळून आलं आणि तिने रुमाल तोंडाला लावला. भावजी त्या फिरणाऱ्या स्टिअरिंगकडे टक लावून बघत होते. मावशीला वाटलं, सुटलो एकदाचे. आता हे चिडतील, प्राचार्यांच्या अंगावर धावून जातील, काहीही करतील, पण पोरगी सुटली.

‘‘म्हणजे,’’ भावजी सावकाश म्हणाले, ‘‘काहीच करावं लागत नाही?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘नुसतं धरून बसायचं? आणि तुम्हाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो?’’

‘‘भावजी...’’

‘‘अहो, मग आधी का नाही बोललात!’’ भावजींनी मांडीवर थाप मारली. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. ‘‘मला तर पोरीची काळजीच लागली होती. एवढ्या उंचीवर जीव मुठीत धरून गाडी चालवायची म्हणजे! पण हे तर उत्तमच आहे. जिवाला धोका नाही, डोक्याला ताप नाही, अंगावर कोट. बारके, ऐकलंस का? तुझी मावशी इतकी वर्षं बसून खातेय.’’

बसून खातेय. मावशीच्या कानशिलाला कुणी गरम सळई लावावी तसं झालं. आणि त्यात खोटं काय होतं? इतकं सांगूनही हा माणूस भुलला, तो स्टिअरिंगला नव्हेच, तिला भुलला. तिचा कोट, तिचा पगार, तिचं तिथे असणं, हीच त्या महाविद्यालयाची सगळ्यात मोठी जाहिरात होती. ती त्या सीटवर आहे तोवर तिच्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती.

गाडी गच्चीवर उतरली. दाराशीच प्राचार्य उभे होते, तोंडात पुदिन्याची गोळी, हसू मधाळ. मागे पुढच्या चकरेचे पालक रांगेत होते.

‘‘कशी वाटली सफर?’’

‘‘फर्स्ट क्लास!’’ भावजी म्हणाले.

मावशी उतरली आणि तिने कोटाची बटणं काढली. ‘‘सर, मी चालले. उद्यापासून येणार नाही. उद्यापासून कशाला, आत्तापासूनच.’’ मग रांगेकडे वळून तिने मोठ्याने सांगितलं, ‘‘ते स्टिअरिंग खोटं आहे. बसलात की फिरवून बघा. नुसतं फिरतं ते.’’

रांगेत चुळबुळ झाली. एक बाई म्हणाली, ‘‘काय म्हणतायत त्या?’’ प्राचार्यांनी हसू जराही ढळू दिलं नाही. ‘‘मॅडम मोठ्या विनोदी आहेत,’’ ते रांगेला म्हणाले आणि ओठ न हलवता मावशीला म्हणाले, ‘‘निघा इथून.’’ मावशीने कोट त्यांच्या हातात कोंबला. त्या कोटालाही गुलाब आणि ओकारीचा वास होता. प्राचार्यांनी तो दोन बोटांत धरला.

मावशी भावजींकडे वळली. ‘‘आता बघा, भावजी. मी पण बेकार. इथली पदवी, इथला अनुभव, आणि बाहेर मला कुणी दारात उभं करणार नाही. उद्या बारकीचं हेच होणार. आता तरी पटलं का?’’

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. मग प्राचार्यांच्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दुकानातली ती नेहमीची चमक आली, आणि मावशीला ते काय बोलणार हे बोलण्याआधीच कळलं.

‘‘सर,’’ ते अदबीने पुढे झाले, ‘‘एक जागा रिकामी झालीच आहे, तर आमच्या मुलीचं नाव आत्ताच टिपून ठेवा ना. उंच आहे, कोट तिला शोभेल.’’

‘‘बघू ना,’’ प्राचार्य म्हणाले. ‘‘आधी प्रवेश तर घ्या.’’

मावशीला रडू येईना आणि हसूही येईना. अंगावरून गोगलगाय चालत गेल्यासारखा नुसता काटा आला. एवढं सगळं टाकून दिलं, ते या माणसाने खालच्या खाली झेललं आणि खिशात घातलं.

‘‘बाबा,’’ बारकी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण रांगेतली बाईसुद्धा वळली. ‘‘गटारात मेलेला उंदीर फुगून वर येतो ना, तो बघूनसुद्धा मला कधी काही झालं नाही. आत्ता झालं. मला तुमची किळस आली.’’

भावजी कसंनुसं हसले आणि प्राचार्यांना म्हणाले, ‘‘लहान आहे हो अजून.’’ आणि ताईकडे वळले. इतकी वर्षं असं काही झालं की ते ताईकडेच वळायचे, आणि ताई पोरीला कानाला धरून आत न्यायची. ‘‘सांग हिला काहीतरी. बापाशी असं बोलतात का?’’

ताई कठड्यापाशी उभी होती. चेहरा पांढराफटक, रुमाल अजून तोंडावर. तिने रुमाल खाली घेतला, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. मावशीच्या दंडाला धरून ती जिन्याच्या दिशेने निघाली, आणि जाता जाता दुसऱ्या हाताने लेकीला ओढून घेतलं.

‘‘अगं, कुठे निघालात? अर्ज भरायचाय!’’ मागून भावजी ओरडले.

ताई थांबली नाही. दोन पायऱ्या उतरल्यावर तिने विचारलं, ‘‘किती लांब आहे गं ते तुझं गटारवाल्यांचं कॉलेज? दुपारच्या आत पोहोचू ना आपण?’’