पाहुण्यांसमोरचा पेला

लग्नानंतर नाकोबा पहिल्यांदा सासरी जेवायला गेला, तेव्हा त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी हुंगला. मेहुण्यांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं करून टाकलं आणि ते नाव असं चिकटलं, की खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. माणूस दुधाच्या डेअरीत केमिस्ट. दूध नासायला लागलं की यंत्राच्या आधी याच्या नाकपुड्या फुलत. घरीही रोज सकाळी पातेल्यावर वाकून तो दूध हुंगायचा आणि "ठेवा" किंवा "टाका" असा निकाल द्यायचा.

त्याची बायको टाचणी. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. तिचं शिवणाचं दुकान होतं. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी, आणि जे बोलेल ते टोचणारं. नवऱ्याच्या हुंगण्याला ती चारचौघांत नावं ठेवायची, पण आतून तिला त्याचा अभिमान होता. एकदा डेअरीमालकाच्या साडूचा दुधाचा आख्खा टँकर नाकोबाने परत पाठवला होता. मालक अंगावर आला तेव्हा हा म्हणाला, "साहेब, जे दूध मी माझ्या घरी नेणार नाही, ते दुसऱ्याच्या घरी कसं पाठवू?" नोकरी जाता जाता वाचली. त्या एका वाक्यावर टाचणीने त्याची बाकीची सगळी नाटकं पोटात घातली होती.

अशा या माणसाला दूरच्या शहरातल्या कागद कारखान्याचं बोलावणं आलं. कारखान्यातलं घाण पाणी साफ करून नदीत सोडायचं एक केंद्र होतं, आणि तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख निवृत्त होत होते. पगार दुप्पट, राहायला बंगला. शनिवार-रविवार येऊन शहर बघा, घर बघा, आणि निघताना हो की नाही ते सांगा, असा निरोप होता. हो म्हटलं की टाचणीचं दुकान बंद. एका जुनाट मशीनवर सुरू करून तिने ते स्वतःच्या हिमतीने वाढवलं होतं. "तुला नको वाटलं तर नाही जायचं," असं नाकोबा म्हणाला, म्हणून ती निघाली.

गाडीतून उतरताच त्या शहराने तिच्या घशातच हात घातला. सडक्या कोबीवर अंडी फोडून कुणी उन्हात ठेवून द्यावीत, तसा वास. न्यायला आलेला कंपनीचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "कागदाचा वास आहे, ताई. पंधरा दिवसांत सवय होते." नाकोबाने खिशातून रुमाल काढला, नाकापर्यंत नेला, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि त्याच रुमालाने कपाळ पुसलं. टाचणीने ते पाहिलं.

गेस्ट हाउसची खोली बघून तिला शिसारी आली. साबणाच्या वडीवर कुणाचा तरी लांब केस चिकटून वाळलेला. बादली आतून बुळबुळीत. उशीच्या अभ्र्यावर परक्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग, आणि पडद्याचं टोक जेवल्यानंतरचे हात पुसून पुसून ताठ झालेलं. जन्मभर कापड हाताळलेली बाई, पण त्या पडद्याला बोट लावायची तिची हिंमत होईना.

"अहो, बघा तरी हे," ती म्हणाली.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," नाकोबा म्हणाला आणि त्याच उशीला टेकला. घरी मोरीच्या जाळीत खरकटं दिसलं तर ताटावरून उठणारा हा माणूस. टाचणीने स्वतःची चादर अंथरली.

दुपारी ड्रायव्हरने शहर दाखवलं. नदीवर पिवळट फेस साचला होता, आणि काठावर बायका त्यातच कपडे धूत होत्या. ज्या हॉटेलात जेवायला नेलं, तिथल्या पोऱ्याने काळ्या फडक्याने टेबल पुसलं, तेच फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याच हाताने पेल्यांत बोटं बुडवून चार पेले एकदम आणले. टाचणी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायली. नाकोबा त्या पेल्यातलं प्यायला. हुंगला नाही.

मग बंगला. बाहेरून झोकदार, पुढे गुलाबाच्या कुंड्या. आतल्या भिंतींना ताजा रंग, पण टाचणीने कोपऱ्यात नख लावलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खाली काळी बुरशी निघाली. कपाटाच्या फळीखाली झुरळांच्या अंड्यांचे पुंजके चिकटलेले.  नाकोबा मात्र खिडकीतून बागेकडे बघत होता.

"रंग काढून घेऊ," तो म्हणाला. "घरोघरी मातीच्या चुली."

"इथे चुलीत झुरळं आहेत," टाचणी म्हणाली. तो हसला नाही.

संध्याकाळी निवृत्त होणाऱ्या मोठ्या साहेबांकडे जेवण होतं. साहेब गोरेगोमटे, गोडबोले. बोलता बोलता कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने ते दात कोरत, जे निघे ते निरखत, आणि कार्ड पुन्हा खिशात ठेवत. त्यांची बायको, "मला काकू म्हण," असं सांगणारी, मायेची होती. वाढताना ती साहेबांच्या ताटातलं उरलेलं परत भांड्यात टाकत होती. टाचणीचा घास तोंडातच फिरत राहिला.

"आमची एक पद्धत आहे," साहेब म्हणाले. "महिन्यातून एका रविवारी नदीकाठच्या वस्तीतली माणसं केंद्र बघायला येतात. त्यांना पाण्याविषयी शंका असतात. मी शेवटच्या टाकीतलं पाणी त्यांच्यासमोर पेलाभर पितो. लगेच सगळ्यांची तोंडं बंद. उद्या तुम्ही प्या. नव्या माणसाची ओळखही होईल."

"तुम्ही स्वतः पिता, साहेब?" नाकोबाच्या आवाजात भक्ती होती.

"इतकी वर्षं पितोय. झालं का मला काही?" साहेबांनी पोटावर हात फिरवला.

रविवारी सकाळी नाकोबा साहेबांबरोबर टाक्या बघायला गेला, आणि काकूंनी टाचणीला प्रयोगशाळेमागच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे एक बेसिन, बेसिनवर शेवटच्या टाकीच्या पाण्याचा नळ, आणि शेजारी काचेचा जग. काकूंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली.

"हे आता तुझ्याकडे बरं का," त्या म्हणाल्या. "घरचं पाणी. उकळून, गाळून, गार केलेलं. हे जगात ओतायचं आणि जग बाहेर टेबलावर ठेवायचा. इतकी वर्षं मी करतेय. घरच्या माणसाशिवाय कुणावर सोपवायचं नाही."

टाचणीला आधी कळलंच नाही. मग तिने नळाकडे पाहिलं. "म्हणजे साहेब पितात ते..."

"अगं, त्या नळाचं पितील का ते? वेड लागलंय का त्यांना?" काकू मनमोकळं हसल्या.

"आणि नदीकाठची माणसं?"

"त्यांना सवय आहे." काकूंनी टाचणीचा गाल थोपटला. "पाहुणे आले बघ. भर तू, मी पुढे जाते."

दार लागलं. टाचणीने नळ सोडला. पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण ओंजळ नाकाजवळ नेली तर शहराचा तो सगळा वास तिच्या हातात. तिने ओंजळ झटकली. नवऱ्याला जाऊन सांगावं तर तो साहेबांच्या घोळक्यात. मग तिला टँकर आठवला. सांगायची गरजच काय, तिने विचार केला, त्याचं नाक सांगेल. हे पाणी तो ओठाला लावणार नाही. पेला खाली ठेवील, चारचौघांत ठेवील, आणि संध्याकाळच्या गाडीने आपण आपल्या घरी जाऊ. तिने काकूंचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं आणि जग नळाखाली धरला. चुकून त्याने पेला ओठाजवळ नेलाच तर हात मारून उडवायचा, हेही तिने ठरवलं.

बाहेर खुर्च्यांवर वस्तीतली माणसं बसली होती. पुढच्या रांगेत एक आजी होती. "आमच्या सुनेच्या हातांची सालं निघतात," ती सांगत होती. "धाकट्या नातवाचं पोट तर सारखं बिघडलेलं."

"ते पाण्यामुळे नाही, आजी," साहेब म्हणाले. "आता बघा. आमचे नवे प्रमुख स्वतः पिणार आहेत. यांचं नाक म्हणजे यंत्र आहे."

नाकोबाने पेला भरला आणि उचलला. सवयीने तो आधी नाकाशी गेला, आणि टाचणीने बघितलं, त्याच्या नाकपुड्या फुलल्या. पुरत्या फुलल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

नाकोबाने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून मान हलवत होते. आणि नाकोबाने पेला तोंडाला लावला. टाचणी जागची हलली नाही. हात मारून उडवायचा होता तो पेला, पण तिचा हात उचललाच गेला नाही. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना ती बघत राहिली. घोट, घोट, शेवटपर्यंत.

"पाणी गोड आहे," तो म्हणाला. हे त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

लोकांत कुजबुज झाली. मागून कुणी टाळी वाजवली. आजीने हात पुढे केला. "मग मलाही दे बाबा पेलाभर. घसा कोरडा पडलाय."

नाकोबाचा हात जगावर थबकला. आता तरी, टाचणीच्या मनात आलं. आता तरी. साहेब म्हणाले, "द्या हो, द्या आजींना." नाकोबाने पेला भरला आणि म्हातारीपुढे धरला.

टाचणीने मधेच तो त्याच्या हातातून घेतला आणि जमिनीवर ओतला.

"आजी, हे पिऊ नका," ती म्हणाली. "घरात पोरांनाही देऊ नका. हे नासलेलं आहे." मग तिने पिशवीतून आपली बाटली काढली आणि आजीच्या हातात दिली.

 मग साहेब मोठ्याने हसले. "वहिनी नव्या आहेत. वासाची सवय नाही त्यांना अजून." माणसं उठायला लागली. आजी बाटलीतलं पाणी प्यायली, तिने टाचणीकडे टक लावून पाहिलं आणि जगाजवळ जाऊन स्वतः वास घेतला. मग मागच्या बायकांना हाताने जवळ बोलावलं. काकू टाचणीकडे अशा बघत होत्या, जणू तिने त्यांच्या घरात चोरी केली होती.

परतीच्या गाडीत नाकोबा दोनदा संडासात जाऊन ओकून आला. तोंड पांढरंफटक, ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी लागलेलं. टाचणीने रुमाल दिला, पण त्याच्याकडे बघवेना. आपणच जग भरला, याचं तिला वाईट वाटलं होतं. ओकण्याचा आवाज ऐकताना तर फारच वाटलं होतं. म्हणून तिने ठरवलं, सगळं सांगून टाकायचं.

"साहेब ते पाणी पीत नाहीत," ती म्हणाली. "काकू घरून बाटली आणतात. आज ती मी ओतून टाकली आणि नळाचं भरलं. मला वाटलं, तुम्ही पिणार नाही."

नाकोबाने रुमाल ओठांवरून काढला. तो चिडेल, असं तिला वाटलं. चिडला असता तर बरंच झालं असतं.

"मग मला आधी सांगायचं नाही का?" तो कळवळून म्हणाला. "घरचं पाणी आहे म्हटल्यावर काही प्रश्नच नव्हता. मी आरामात प्यायलो असतो."

"आणि आजीला?"

"तिलाही घरचंच मिळालं असतं ना." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "साहेब सांभाळून घेतो म्हणाले. मी हो सांगून आलोय."

टाचणीला गेस्ट हाउसचा तो ताठ पडदा आठवला. एवढी किळस तिला त्या पडद्याचीही आली नव्हती. आणि आता तीच किळस घेऊन तिला घरापर्यंत शेजारी बसायचं होतं. ती सरकून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध ओट्यावर ठेवलं. नाकोबा आला, पातेल्यावर वाकला, आणि त्याच्या नाकपुड्या फुलल्या.

"टाका," तो म्हणाला. "नासायला लागलंय."

टाचणीने पातेलं उचललं, एक पेला भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. "गोड आहे," ती म्हणाली.

"अगं, नासलंय म्हणतोय ना."

ती आत गेली. त्याची प्रवासाची बॅग अजून तशीच पडली होती. काकूंची रिकामी बाटली गडबडीत तिच्या पिशवीत आली होती, ती तिने टॉवेलात नीट गुंडाळली आणि त्याच्या शर्टांच्या मधोमध ठेवली.

"पाणी तुमचं तुम्हीच भरत जा," ती बाहेर येऊन म्हणाली. "मी येत नाही."

नाकोबा पेल्याकडे बघत बसला होता. टाचणीने खुंटीवरची दुकानाची किल्ली घेतली आणि चपला घालून बाहेर पडली.