अंगाऱ्यातली गोळी

अनसिंगच्या पुढे, फाट्यावरच्या निंबाखाली गुरुवारी जीपगाड्या रिकाम्या होत. गुडघे धरून आलेली माणसं धुनीवाल्या बाबाचा अंगारा दुधातून घेत आणि काही दिवसांत तरातरा चालू लागत. त्यांतल्याच चतुराबाई तर थेट सोयाबीन सोंगायला वावरात गेल्या. भूक वाढली, गाल भरले. म्हातारी तरणी झाली, असं गाव म्हणू लागलं.

बाबाची अट एकच. दवाखान्याचे कागद आणि गोळ्या धुनीत टाकायच्या. कागदावर रोगाचं नाव असतं, म्हणून रोग घर सोडत नाही, असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगे आणि माणसं माना डोलवत. चतुराबाईंच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या तरी राहू द्या, म्हणून त्यांच्या सुनेनं, वर्षाराणीनं, विनवलं. माय चालून राह्यली ना, मंग तू कायले मोडता घालते, म्हणून नवऱ्यानं, इंद्रभाननं, तिलाच गप्प केलं. कागद जळाले. रोजचा अंगारा दुधात कालवायचं काम मात्र वर्षाराणीकडेच आलं.

पुढे बाबा कुठंसा निघून गेला. पुड्या संपत आल्या, तशी वर्षाराणीनं शेवटची एक जपून ठेवली आणि रोजचा अंगारा थांबला. चतुराबाईंना उलट्या सुरू झाल्या, अंगातलं त्राण गेलं, आणि एका सकाळी त्या हाकेला ओ देईनात.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? इंद्रभान म्हणाला, काहीच नाही. तो खोटं बोलत नव्हता. अंगारा औषधात धरायचा असतो, हे त्याच्या मनातही नव्हतं. जुने कागद? जळाले. साखरेची गोळी कोणती? पांढरी. एखादं औषध सोसत नाही का? एकदा सुई दिल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या, पण ती सुई कशाची, ते कागदावरच होतं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवली.

वर्षाराणी भिंतीला टेकून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "बाई, मी रोज अंगारा पाजत होती." सासूच्या ओठांना लावायला म्हणून ती उरलेली पुडी तिनं पदराला बांधून आणली होती. डॉक्टरीणबाईंनी ती कागदावर सोडली. राखेत पांढरी कणी होती, आणि नीट न कुटलेला गोळीचा एक तुकडा.

"ही स्टेरॉइडची गोळी असावी," त्या म्हणाल्या. "यानं सूज उतरते, दुखणं दबतं, भूक वाढते, तोंड गोल होतं. साखरही चढते. शरीराला सवय लागल्यावर एकदम बंद झाली, की माणूस असा कोसळतो."

"मंग हे म्याच पाजलं."

"तुम्ही सांगितलं म्हणून उपचार लवकर सुरू होतील."

तपासणीत तेच निघालं. चतुराबाई वाचल्या. पण गुडघे पुन्हा धरले, आणि आता तेच औषध डॉक्टरांच्या मापानं, हळूहळू कमी करत घ्यायचं होतं. त्यांनी सुनेकडे पाठ फिरवली. "बाबानं मले चालवलं. तुमी खाटेवर निजवलं."

बाबा परतला तशी रांगही परतली. वर्षाराणीनं रांगेत जाऊन सगळं सांगितलं. कोणी म्हणालं, सासूची श्रद्धाच कमी पडली. एका बाईनं विचारलं, तुही सासू चालत होती का नाही?

"चालत होती. गोळीनं चालत होती. राख म्हणा, परसाद म्हणा, पोटात गेलं त्यात काय हाय ते इचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं खाऊ नका. दवाखान्याचे कागद जपा, अन् डॉक्टरपासून काही लपवू नका."

रांग पुढे सरकली. रुपाबाई नावाची एक म्हातारी तेवढी थांबली. "मी लय दिवसाची घेऊन राह्यली. आजच बंद करू का?"

"एकदम नको, मावशी," वर्षाराणी म्हणाली. "पुडी घेऊन दवाखान्यात चाल. मी येतो संगं."