जळगावची लाल खुंटी

उत्तमरावांनी फोनच्या बोर्डावर जळगाव जामोदच्या भोकात लाइन बंद केल्याची लाल खुंटी दाबून बसवली आणि हात झटकले. "लाइन तीनदा तुटली. आता उद्या सकाळी आठले उघडू."

फकीर मोहम्मदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं तो या टेलिफोन कचेरीत कानाला हेडफोन लावून लाइनी जोडत होता. "साहेब, लाइन चांगली हाये. कडूलिंबाची फांदी तारेले लागते. वारा एकदाच आला, अन् तुमी तीनदा मोजलं!"

"एका तुटक्या लाइनीपायी बाकीच्या साऱ्या गावांनी काऊन खोळंबावं?"

"नवं परिपत्रक म्हनते, सहादा तुटल्यावर बंद करा. अन् तेही घंटाभरच."

"ते शिफारस करते. हुकूम नाही करत." परिपत्रक दोन महिने साहेबांच्या पानाच्या डब्याखाली पडून होतं.

बाहेर बाकावर किसनराव बसले होते. त्यांची भावजय तानुबाई पहाटे गेली. तिचा एकुलता एक पोरगा रंगराव जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो येतो म्हणाला तर प्रेत उद्यापर्यंत ठेवायचं, नाहीतर दिवस मावळायच्या आत उरकायचं, असं गावानं ठरवलं होतं. नऊ वाजता त्यांनी फोन लावायला सांगितला होता.

दुपारभर लिंबाचं एक पानही हललं नाही. फकीर मोहम्मदचा हात दहादा खुंटीपर्यंत गेला आणि नोकरीच्या भीतीनं मागे आला. चार वाजता किसनरावांनी टोपी घातली.

"राहू द्या भाई. तुमचा तरी काय इलाज!"

एवढं बोलून ते गावाकडे निघाले. ते ऐकून फकीर मोहम्मदला स्वतःचीच चीड आली. तासाभरानं उत्तमराव चहाला जाताच त्यानं खुंटी उपटली. जळगाव पहिल्याच घंटीला बोललं! रंगराव फोनवर आला, बातमी ऐकून रडला आणि म्हणाला, "मायले ठेवा भाई. मी सकाळच्या पयल्या गाडीनं येतो."

"ठेवतो. माही जबान."

खुंटी परत बसवून, ड्युटी सोडून तो सायकलवर किसनरावांच्या गावाकडे निघाला. तीन मैल त्यानं जीव तोडून पायडल मारले. पोचला तेव्हा चितेनं पेट घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आठला पाच मिनिटं कमी असताना रंगराव समोरच्या स्टँडवर उतरला आणि धावतच कचेरीच्या खिडकीशी आला. "भाई, माय ठेवली हाये ना?"

फकीर मोहम्मदच्या मागे आठचे टोले पडले. उत्तमरावांनी नियमाप्रमाणे खुंटी काढली, जळगाव जोडून पाहिलं आणि समाधानानं हसले. "पाह्य, रातभर आराम देल्ला त कशी सुधरली लाइन!"

"लाइन कालबी चांगलीच होती!" फकीर मोहम्मद इतक्या मोठ्यानं ओरडला की साहेबांच्या हातातली खुंटी खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

त्यानं हेडफोन काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला, बाहेर आला, रंगरावचा हात धरून त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला.