नऊ मेंढ्यांचा जीव घेणारा पत्रा

मित्रांनो, मी पत्रा आहे. बारा वर्षांचा, फाटलेला आणि खुनी. ऊन-पाऊस अंगावर घेऊन म्हातारे झालेल्या पत्र्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मीही ऊन-पाऊस अंगावर घेतला. पण मी नऊ जीव घेतले, आणि त्यांचा आळ एका निरपराध माणसावर आला. हे मी कुणापासून लपवणार नाही.

माझा जन्मच मारझोडीत झाला. तापलेले लोखंड रुळांखाली चिरडले, उकळत्या जस्तात बुडवले आणि शेवटी यंत्राने माझ्या पाठीवर नाल्या पाडल्या. त्या नाल्यांचा मला फार तोरा होता. आम्ही बत्तीस जण शिरूरच्या एका दुकानातून टेम्पोत चढलो आणि घोड नदीकाठच्या एका वस्तीवर उतरलो. तिथे बानूबाई, तिचा नवरा ज्ञानू आणि मुलगा बिरदेव राहत होते. ज्ञानूच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागे हिंडण्यात गेला. ज्ञानूने नदीकाठी कांदा आणि मका लावला, घर बांधले, आणि चाळीस मेंढ्या मात्र सोडल्या नाहीत. त्या चाळीस जणींच्या डोक्यावर आम्हाला ठोकले.

शेड बानूबाईच्या नावावर होते, कारण त्याचे पैसे तिच्या बचत गटातून आले होते. शेडचा आणि मेंढ्यांचा विमाही तिच्याच नावावर होता. प्रत्येक मेंढीच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला अडकवलेला होता. एका वर्षी लिंबाएवढ्या गारा पडल्या. त्या सगळ्या आम्ही पाठीवर झेलल्या. तेव्हापासून ज्ञानू आल्यागेल्याला वर बोट करून सांगायचा, "ह्या पत्र्यांनी माझ्या लेकींना एक गार लागू दिली न्हाई." मी फुगून जायचो.

मग ते वादळ आले. जूनचा पहिला आठवडा होता. समुद्रातले चक्रीवादळ पुण्याकडे सरकत आहे, असे मोबाइलवर सारखे येत होते. "समुद्र कुठं आन् आपण कुठं," असे म्हणून ज्ञानूने मोबाइल खिशात टाकला. दुपारी तीनला आभाळ काळेठिक्कर पडले. वाऱ्याने आधी बांधावरची बाभूळ मुळासकट उपटली. मग तो आमच्या खाली शिरला आणि खालून बुक्के मारू लागला. माझ्या शेजारचा पत्रा कागदासारखा दुमडला. छपराला तोलणारी लोखंडी कैची वाकली. माझे स्क्रू एकेक करून तुटले आणि प्रत्येक स्क्रू जाताना माझ्या अंगाचा लचका घेऊन गेला.

मी उडालो. हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि धारेवर खाली आलो. मेंढ्या घाबरून भिंतीला चिकटून उभ्या होत्या. बानूबाई एका कोकराला ओढायला खाली वाकली होती, म्हणून मी तिच्या डोक्यावरून गेलो. मेंढ्या वाकल्या नव्हत्या. दोघींच्या माना मी एका दमात कापल्या. बाकीच्यांची पोटे फाडली, एकीची पाठ उघडी केली. मग भिंतीवर आदळून थांबलो. माझी कड दुमडली होती आणि त्या दुमडीतून रक्त ठिबकत होते. नऊ मेंढ्या माझ्यासमोर तडफडून मेल्या. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

बिरदेवने मान कापलेल्या दोघींचे फोटो काढले. तेवढेच. बिल्ला कानासकट कापून ठेवावा लागतो, असे विम्याच्या एजंटाने पूर्वीच सांगितले होते. बिरदेव सुरी घेऊन पुढे झाला, तर ज्ञानूने त्याच्या हातातली सुरी फेकून दिली.

"मेलेल्या लेकीचा कान कापतोस व्हय रं? जशी हाय तशी मातीत जाईल."

नऊही मेंढ्यांवर भंडारा उधळून त्यांना त्याच संध्याकाळी खड्ड्यात पुरले, कानातल्या बिल्ल्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा हौसराव तीस माणसे घेऊन हजर झाला. आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. एकाच्या घरावर संकट आले की गाव कामाला येतो, मजुरी घेत नाही, फक्त जेवण घेतो. बानूबाईने भाकऱ्या थापल्या. हौसरावने आम्हाला शोधून आणले आणि दगडावर ठेवून हातोड्यांनी सपाट केले. माझी रक्ताळलेली कडही कुणीतरी ठोकून बसवली. दिवस मावळायच्या आत शेड पुन्हा उभे राहिले आणि मी पुन्हा उरलेल्या एकतीस मेंढ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलो. ज्यांना मी मारले त्यांच्याच बहिणींच्या डोक्यावर.

गावाने जीव ओतून मदत केली, आणि त्या मदतीनेच घात केला.

नवव्या दिवशी विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर आला. त्याने गाडीतून उतरून उभ्या शेडकडे पाहिले. फोटो मागितले. बिल्ले मागितले. बिल्ले नव्हते, आणि शेड गावाने पुन्हा उभे केले हे बिरदेवचे सांगणेही त्याने कानाआड केले. फोटोंकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "शेड जागेवर आहे. मग पत्रा उडाला कुठला? आणि या माना बघा, किती सरळ कापल्यात. हे कोयत्याचं काम आहे. वादळाच्या नावाखाली मेंढ्या तुम्हीच कापल्यात."

ज्ञानूला आधी ते समजलेच नाही. समजले तेव्हा त्याने हातातली काठी उचलली आणि सर्व्हेअरच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी छपरावरून ऐकला. दुसरा घाव डोक्यात बसला असता, पण बिरदेवने बापाला मागून कवेत घट्ट धरले.

"म्या कापल्या? म्या?" ज्ञानू गुरासारखा हंबरत होता. "पोटच्या पोरीगत वाढवल्या रं!"

पोलीस आले, ज्ञानूला घेऊन गेले. महिन्याभराने कंपनीचे पत्र आले. दावा खोटा आहे, जनावरे मालकाच्या घरच्यांनीच मारली आहेत, म्हणून नामंजूर. बिरदेवने ते वाचून दाखवले. जामिनावर सुटून आलेला ज्ञानू त्या दिवसापासून शेडमध्ये येईना. बाजारात कुणी हसले तरी आपल्यालाच हसले असे त्याला वाटे. एकदा हौसरावच्या चुलतभावाने चेष्टेत कोयत्याचे नाव काढले, तर ज्ञानूने त्याचे दात पाडले. घरात रोज भांडण, रोज आदळआपट. एका दुपारी बिरदेव आणि ज्ञानू एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा बानूबाई मध्ये पडली आणि तिच्या कपाळाला खोक पडली.

त्याच कपाळावर पट्टी बांधून ती शिरूरच्या कोर्टात गेली. तिथे विधी सेवेचे कार्यालय आहे. बाईमाणसाला तिथे फुकट वकील मिळतो, हे तिला गटातल्या गीताबाईने सांगितले होते. तिला वकील मिळाली ती समृद्धी. वय तीसच्या आत, पायात साधी चप्पल, बोलणे मोजके. ती दोन दिवसांनी वस्तीवर आली.

"आबा, पहिली गोष्ट, ती काठी घरात ठेवा," ती ज्ञानूला म्हणाली. "मारामारीची केस वेगळी चालेल, ती मी पुसू शकत नाही. पण मेंढ्या तुम्ही मारल्या नाहीत, हे मी ग्राहक आयोगापुढे मांडू शकते. ज्या पत्र्यानं मेंढ्या कापल्या, तो कुठाय?"

सगळ्यांनी वर पाहिले. बत्तीस पत्रे, सगळे ठोकून सपाट केलेले, सगळे सारखे. हौसराव म्हणाला, "ताई, आमी काय बघून ठोकलं न्हाई. जो हाताला आला त्यो बशिवला."

मी तिथेच होतो, मित्रांनो. खुनी समोर आणि त्याला कुणी ओळखत नाही. आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या क्षणी वाटली.

तेव्हा ज्ञानू कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा शेडजवळ आला. शिडी लावून वर चढला आणि एकेका पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवू लागला. माझ्यापाशी आला तेव्हा त्याचे बोट थांबले. ठोकून बंद केलेल्या दुमडीतून लोकरीचे चार केस बाहेर आले होते. टोकाला तांबूस, मुळाशी पांढरे. त्याने ते चिमटीत धरून उन्हाकडे केले.

"माझ्या भिंगरीची लोकर हाय," तो म्हणाला आणि तिथेच छपरावर बसून ढसाढसा रडला.

समृद्धीने कुणालाही मला हात लावू दिला नाही. आधी फोटो, मग पंचांसमोर उतरवणे, मग पोत्यात गुंडाळून सील. पशुवैद्यकीय डॉक्टरांसमोर खड्डाही उकरला. नऊ कवट्यांजवळ नऊ पिवळे बिल्ले निघाले. दोघींच्या मानेच्या हाडांवर तिरपा घाव होता, वरून खाली आलेला, माझ्या कडेच्या जाडीचा. प्रयोगशाळेने माझी दुमड उघडली. आत वाळलेले रक्त होते आणि लोकर होती. गावकऱ्यांच्या हातोड्याने ती कड बंद केली नसती, तर पावसाने केव्हाच सगळे धुऊन नेले असते. माझ्या फाटलेल्या भोकांवरून मी उडालो होतो हेही सिद्ध झाले. काढलेल्या पत्र्याचे भोक गोल राहते, उडालेल्याचे फाटून लांब होते.

पुण्याच्या ग्राहक आयोगात चौदा महिने तारखा पडल्या. कंपनीच्या वकिलांनी ज्ञानूच्या मारहाणीवर बोट ठेवले. समृद्धीने ती नाकारली नाही. ती एवढेच म्हणाली, की मारणारा माणूस खोटारडा असतोच असे नाही. हौसरावसह इर्जिकेच्या अकरा जणांनी शपथेवर सांगितले, की शेड आम्ही उभे केले, चूक आमची.

निकाल बानूबाईच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली. पण घरात त्या रकमेची कुणी चौकशी केली नाही. ज्ञानूने बिरदेवकडून एकच ओळ वाचून घेतली, की जनावरे मालकाच्या घरच्यांनी मारल्याचा आरोप निराधार आहे. "आणीक एकदा," तो म्हणाला. बिरदेवने पुन्हा वाचली. पुन्हा. मारहाणीची केस अजून चालू आहे, आणि ज्ञानू दर तारखेला मान खाली घालून जातो.

मला आयोगाकडून परत आणले. ज्ञानूने सील तोडले, मला अंगणातल्या दगडावर टाकले आणि घण उचलला. बानूबाई दारात उभी होती. तिने त्याला अडवले नाही.

"भिंगरी," तो म्हणाला आणि पहिला घाव घातला. "कपिली." दुसरा. "मोरी. हरणी. बांडी." प्रत्येक नावाला एक घाव. माझ्या नाल्या चेचल्या, कड तुटली, जस्ताचे पापुद्रे उडाले. नऊ नावे झाली तेव्हा तो थांबला, घण खाली ठेवला आणि शेडकडे वळला. आत एकतीस मेंढ्या त्याची वाट बघत होत्या. दीड वर्षात पहिल्यांदा तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मित्रांनो, ते घाव मी मुकाट्याने खाल्ले, कारण ते माझेच होते. उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येईल आणि मी वितळेन. त्याआधी हात जोडता येत नाहीत म्हणून शब्दांनीच विनवतो. वादळ तुमच्या घरावर पडले, तर मदतीला आलेल्यांना आधी चहा द्या आणि फोटो, पंचनामा होईपर्यंत त्यांच्या हाती हातोडा देऊ नका. कुणी तुमच्या माणसावर खोटा आळ घेतला, तर काठीकडे हात जाण्याआधी कोर्टाची पायरी चढा. ज्ञानू हे दोन्ही उलट करून बसला, आणि त्याच्या लेकींचा खुनी मी असूनही दीड वर्ष शिक्षा त्याने भोगली.